पान वाढलं

म्हापशाच्या बाजारात एकतीस वर्षं
मी हात दाबून माप सांगते.
अंगठ्याखालचं हाड किती दबतं यावरून कळतं,
दोन-चार की दोन-सहा.
बायका मात्र म्हणतात, लहान द्या, बसेल.

म्हणून लेओकादबाईने विचारलं,
‘तुकडे केवढे कापतलें गे शेवंती?’
तेव्हा मला हसूच आलं.
काचेचं माप, आणि मला!

गाडी विकल्यापासून तिच्या मयड्याच्या गराजात
लांब टेबल, रॉकेलची वाटी, कापायचं चाक,
आणि भिंतीला काचा उभ्या,
ताटाळ्यातल्या ताटांसारख्या.
मी कागदावर केळीचं पान काढलं. अख्खं.
हिरव्या काचेचा एकच तुकडा, दीड हात लांब.
‘इतलें व्हड नाका,’ ती म्हणाली,
‘नव्या हाताला पेलत नाही, कुठेही तडकतं.’

मग मी रागाने कागद भरला.
शिरा, उपशिरा, एकशेबारा तुकडे,
काही तर कण्यांएवढे.
तिने कागदावर रुपया ठेवला.
रुपयाखाली जो लपला, त्यावर फुली.
‘कडेला तांब्याची पट्टी लागते, ती काच खाते.
वरून डाग देशील. मग काच उरणार कुठे?’
म्हणजे नुसते काठ, लुगडंच नाही.
(लुगडं माझं. ती म्हणाली, ‘सगळें शिशें.’)

ती चहा ठेवायला आत गेली.
मी हट्टी.
दीड हाताची रेघ मारली, श्वास धरला, दाबलं.

आवाज मोठा नव्हता.
ती दारात. ‘मोडली?’
माझ्या तोंडून सवयीने गेलं, ‘वाढली.’
‘कितें?’
सांगितलं तिला, आमच्यात बांगडी फुटत नाही,
वाढते.
तिने टेबलावर वाकून मोजलं.
‘खरेंच गे. एकाची तीन जाली.’

माझ्या हातातल्या एका सकाळी वाढवल्या,
त्या किती होत्या, कुणी मोजलं नव्हतं.

चहा निवला.
गराजामागे केळ होती. वाऱ्याने तिची पानं
दांड्यापासून कडेपर्यंत चिरलेली, पट्टी पट्टी,
पण एकही चीर दांडा ओलांडून गेली नव्हती.
आम्ही दोघी पाहत राहिलो.
कोण आधी बोललं ते आठवत नाही.

पिशवीत नमुन्याची दोन-सहा होती.
ती कागदावर ठेवली, फिरवली.
बांगडीबाहेर जाईल तो मोठा,
रुपयाखाली लपेल तो लहान,
मधलं सगळं माझं.
जिथे तडकलं होतं, तिथेच शीर काढली.
मोडक्या तीनचे झाले नऊ.

सात घासून झालेत. दोन अजून बसत नाहीत,
एक तर उगीच माजलाय, रोज थोडा घासते.

शुक्रवारी दुकानात एक नवरी आली.
सोबतची मावशी म्हणाली, लहान द्या, बसेल.
माझ्या बोटाला चिंधी, नखांना रॉकेलचा वास.
मी तिचा हात हातात घेतला, दाबला,
आणि घाई केली नाही.