नऊचा आटा

जेऊरहून यष्टीत बसलो, पंखा मांडीवर,
पोत्यात गुंडाळलेला.
कंडक्टर म्हणाला, कलिंगड का, पावणं?
हो म्हणालो. कोण सांगत बसणार.

तीन पाती. त्यातल्या एकाचा कान मुडपलेला,
मे महिन्यात बाभळीच्या बुंध्याला लागून.
उजनी उतरली की खालचे बांध, विहिरींचे काठ
आपापल्या जुन्या मालकांच्या नावानं
पुन्हा वर येतात.

पण दुखणं ते नव्हतं.
मशीन पंधरा हॉर्सपॉवरचं, दुसऱ्या हाताचं.
आधीचा मालक चार माणसं न्यायचा
रोहित पक्षी दाखवायला.
कॅमेऱ्यांचं वजन ते काय!
माझ्या नावेत दोन मोटरसायकली, केळीचे घड,
पलीकडच्या शाळेचे मास्तर, कुणाची तरी शेळी,
आणि मशीन दमेकऱ्यासारखं
चढावर थांबून थांबून श्वास घेणारं.
पाण्याला कुठला आलाय चढ?
आम्हाला होता.

अशोक चौकामागं यलगमांचं वर्कशॉप.
भिंतीला भिंत लावून यंत्रमाग,
म्हणून तिथं सगळेच ओरडून बोलतात.
जन्मभर मागाच्या चाकांचे दात मोजलेला माणूस.
पंखा त्यानं उजेडाकडं धरला,
पात्याच्या उतारावरून अंगठा फिरवला.
"अकराचा आटा आहे.
लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा घुसतो ना,
तसा हा पाण्यात अकरा इंच घुसू बघतो.
घुसत नाही तेवढा. पाणी निसटतंच.
पण हाव अकराची."

आणि नेमके तेव्हाच माग थांबले,
म्हणून पुढचा प्रश्न फार मोठा ऐकू आला:
"रिकामी पळवता, का भरून वो?"

जाताना भरून, म्हणालो. दुपारी येताना कधी कधी...
"दुपारचं सोडा.
रिकामी नाव कशानंही पळते.
पंखा घ्यायचा तो भरलेल्या नावेचा."

एक इंच उतरलो की फेरे वाढतात दोनशेक.
सात दिला तर रिकाम्या नावेत मशीन बोंबलत सुटणार.
त्यानं खडूनं फरशीवर आकडे मांडले,
चपलेनं पुसले,
नऊवर थांबला.

मांडणीवर एक स्टीलचा होता, आरशासारखा.
माझा हात तिकडं गेलेला त्यानं पाहिला.
"पाण्यात खडक आहेत?"
खडक नाहीत, म्हणालो. गाव आहे.
तो जरा गप्प झाला.
"मग ॲल्युमिनियमच न्या.
पातं वाकलं तर आणा, ठोकून देतो.
स्टील वाकत नाही. धक्का सरळ आत पोचवतं,
गिअरपर्यंत."

चाचणी भरल्या नावेतच घ्यायची, हेही त्यानंच सांगितलेलं.
गुरुवारी धक्क्यावर वजन गोळा केलं.
इर्शादनं गाडी चढवली, पेट्रोलची टाकी भरून, मुद्दाम.
मास्तर आले. फुकट म्हटल्यावर आणखी चौघे आले.
सोजर, माझी चुलत बहीण,
दोन वर्षं माहेरी, कुठं येत नाही, जात नाही,
काठावरून म्हणाली,
"मी बसू का? वजन म्हणून?"
कुणी हसलं नाही.
मी हात दिला. नाव चार बोटं दबली.

मधल्या पाण्यात मूठ पूर्ण पिळली.
मीटर इर्शादच्या पोराच्या हातात,
त्याला आकडे नुकतेच येऊ लागलेले,
तो एकेक करून ओरडत होता:
चार हजार सहाशे! (इथंच अडायचं जुनं)
आठशे!
पाच हजार, पाच हजार शंभर...
आणि तिथं मशीन ओरडायचं थांबून
बोलायला लागलं.
मागं पाणी पांढरं, सरळ, एका रेघेत.
सोजर वळून ती रेघच बघत बसली होती,
पदर डोक्यावरून उडालेला,
सावरायचं विसरून.

जुना पंखा गोठ्यात टांगलाय.
चिमण्या बसतात त्यावर, तो हलत नाही.

यलगमांनी निघताना एक पिन दिली होती, पितळेची,
करंगळीच्या पेराएवढी.
पंखा कशाला अडकला तर आधी ही तुटते,
बाकी सगळं वाचतं. किंमत वीस रुपये.
ती मी कनवटीला ठेवतो.
रोज पलीकडं पोचलो की चाचपून बघतो,
अजून एक आहे.