गंगोला ताल, एक फेरी

उरवाई दरवाज्यातून गाडी वर चढली
तेव्हा मागच्या सीटवर दोघं भाऊ,
मध्ये गजकचा डबा.

खालून, लश्करातून, गड म्हणजे नुसती चढण.
वर आलं की हा ताल,
आणि काठानं गुडघ्यांकडे काहीच न मागणारी वाट.

शाल्मलीनं, वय वर्षं सात, हुकूम काढला:
अण्णाआजोबा इकडून, नानाआजोबा तिकडून,
जो आधी पोचेल त्याला मोठी वडी.
तिला पेटीचं काही माहीत नाही.
वडलांची पेटी कुणाकडे राहिली,
तिचा भाता उंदरांनी खाल्ला तेव्हा
कुणी कुणाला कळवलं नाही,
यात चार दिवाळ्या गेल्या.

निघाले.
एक चप्पल फरफटत, एक काठी टेकत.
मध्ये हिरवं पाणी, एक टिटवी.
मी बाळाची गाडी ढकलत बघत होते:
दोघांचाही डावा खांदा जरा खाली.

अर्ध्या फेरीपर्यंत लांब जात राहिले.
पुढे, तेच पाय तसेच टाकत,
जवळ येऊ लागले.

पलीकडच्या पायऱ्यांशी थांबले.
पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो.
"तिकडं चढ होता का रे?"
"छे. सपाटच की."
मग बराच वेळ टिटवीच.

परत येताना दोघं एकाच बाजूनं आले,
सावकाश, काठी आता दुसऱ्याच्या हातात,
आणि शाल्मली जाम चिडली,
असं कुठं असतं का,
आता वडी द्यायची कुणाला?