समोरचा गाळा

बारावीला केकडे मॅडम फळ्यावर
कार्बनला कार्बन जोडायच्या.
एक रेघ: फिरते, बिजागरीसारखी.
दुसरी ओढली की संपलं.
"आता हलायचं नाही, तोडल्याशिवाय."
बाकावर मी आणि बळवंत,
थोरला, नापास होऊन माझ्याच वर्गात आलेला.

ही दुसरी रेघ म्हणजे बनमस्का, मॅडम म्हणाल्या,
अर्धा पाव वर, अर्धा खाली,
मधे अणूंची सपाट वस्ती.
कॅम्पातल्या इराण्याकडे जाऊन आम्ही
दोनदा पडताळून पाहिलं.

परीक्षानळीत ब्रोमीनचं तांबूस पाणी
घटकेत रंग सोडायचं.
दुसरी रेघ तुटली, आता इथं परक्यांना जागा.

गुलटेकडीला आमचे गाळे आमनेसामने.
सूत्र तेच: आडनाव, नाक, आईचा मधुमेह.
मांडणी वेगळी.
एका बाजूला असतो तर सिस,
आहोत ते ट्रान्स.
मधे हातगाडी जाईल एवढी वाट,
अकरा वर्षं.

रात्री मी केळ्यांची खोली बंद करतो, इथिलीन सोडतो.
सगळ्यात धाकटं अल्कीन,
दोन कार्बन, चार हायड्रोजन,
त्याला ना सिस ना ट्रान्स,
भांडायला बाजूच नाहीत.
हिरव्या घडांना काय सांगतं कोण जाणे,
चौथ्या दिवशी ऐकतात.

माझ्या दाराचं रबर झिजलंय.
थोडा वायू वाट ओलांडून
बळवंतच्या फटीतून आत शिरतो,
त्याचा माल वेळेआधी पिवळा पडतो.
तो शिव्या घालतो,
मोठ्यानं, माझं नाव घेऊन.

एवढंच काय ते बोलणं.
रबर बदलायचं राहतंय.