नवतप्यातली बर्डी

दिवसा हे शहर नसतंच.
बारा ते सहा, कूलरच्या ओल्या वाळ्यामागे
सगळं नागपूर उताणं पडलेलं,
आणि डांबराला फक्त माझी चप्पल चिकटते,
कारण साडीच्या दुकानाला नवतपा माहीत नाही.
नऊ तास उभी असते मी.
स्टूल आहे. ते गिऱ्हाइकाच्या नवऱ्यासाठी.

म्हणून मला विचाराल, रात्रीच्या बर्डीत काय पाहिजे,
तर रोषणाई नाही सांगणार.
मी म्हणेन, बूड टेकायला जागा.
बंद बँकेच्या पायऱ्या
साडेदहाला असतात
तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीएवढ्या गरम.
ओढणी दुमडून टाकायची आणि बसायचं.

देवांगना उईके पाळी संपवून येते,
हातांना अजून स्पिरिटचा वास.
सांबारवडीचा अर्धा तुकडा पोटात गेल्याशिवाय
ती बोलत नाही.
मग म्हणते, "आज एक पोरगी झाली,
अन् एक म्हातारा गेला. लिफ्ट एकच."
आणि कढी मागते.

शीलवंत गजभिये मोबाइलची कव्हरं विकतो.
त्याची चाकाची खुर्ची
रोज फूटपाथच्या खालीच थांबायची.
आठ इंच.
ब्लाउजपीस मोजायच्या टेपनं मी मोजलं एकदा.
आठ इंच म्हणजे काय,
नऊवारीत तेवढं एका निरीत हरवतं.
पण वरचा सगळा गोंधळ, चहा, कॅरम,
कॅरमवरची भांडणं,
तो खालून पाहायचा.
"मॅच पाहून राहिलो समज," म्हणायचा,
"बाउंड्रीच्या बाहेरून."

मग मालकांनी दुकानाची पाटी बदलली, एलईडीची लावली.
जुनी, सागवानी चौकटीत ठोकलेली पत्र्याची,
गोदामात पडून होती.
मी आणि मुस्तकीम पानवाल्यानं एका रात्री
ओढत आणली, फूटपाथला टेकवली.
शीलवंत म्हणाला, "मोडली तं?"
मुस्तकीम म्हणाला, "तं पडशील बे. आठ इंच."
तो चढला.
पत्रा असा धडधडला
की पलीकडचं कुत्रं उठून जागा बदलून झोपलं.
वर आल्यावर शीलवंत पहिल्याच डावात
क्वीनसाठी भांडला.

अजून एक गोष्ट, जी कुणी भाषणात सांगत नाही.
बायकांच्या संडासाची किल्ली.
पूर्वी ती एका माणसाकडे असायची,
आणि तो आठला घरी जायचा.
आम्ही बायका मग सहानंतर पाणीच प्यायचो नाही,
पंचेचाळीस डिग्रीत.
आता किल्ली मुस्तकीमच्या चुन्याच्या डबीशेजारी टांगलेली असते.
लाल गोंडा मी लावलाय, एका पदराचा उरलेला.
मागावी लागत नाही, नुसता हात पुढे करायचा.
तो मान वर न करता देतो.
त्याच्या त्या मान वर न करण्यावर
माझी अर्धी रात्र उभी आहे.

डोक्यावरून मेट्रो जाते, शेवटची, उजेडानं भरलेली,
आत दोन माणसं.
साडेअकराला शिपाई येतो, काठी आपटत,
"चला, उचला आता."
पाटी उचलावी लागते रोज. रोज परत टेकवावी लागते.
परवा मी तिच्यावर पाणी मारलं, धूळ फार बसली होती,
तेव्हा वाचलं.
दुकानाचं नाव अजून शाबूत आहे.
त्याखालची बारीक ओळ होती,
आमची कुठेही शाखा नाही.
उजवं टोक खाली येतं ना, चाकं तिथंच घासतात.
शेवटचे दोन शब्द गेलेत.
आमची कुठेही,
एवढंच राहिलंय.

शीलवंतला दाखवायचं होतं,
पण मानेवाड्याचा ऑटोवाला ओरडायला लागला,
"एक सवारी, एक सवारी!"
आणि ती मीच होते.