कलम सत्तावीस

चार हजार सातशे नव्याण्णव.
आधी अंकात, मग अक्षरी, मग 'फक्त'.
'फक्त' लिहिताना पेन जरा अडलं.

मी प्रफुल्ला च्यारी, राहणार चोडण,
धंदा : मशीनवरचं भरतकाम.
कपेलातल्या वेदीची चादर, जत्रेला देवीची चोळी,
शाळेच्या खिशांवरचे बिल्ले,
सगळं त्या एका सॉफ्टवेअरच्या पोटात.
वर्षाची वर्गणी भरली,
आणि नव्या अपडेटच्या दुसऱ्या सकाळी
त्याने माझीच नक्षी ओळखायचं नाकारलं.
सहाशे बारा नक्ष्या.
कुठलीही उघडा, एकच ओळ :
ही फाइल आपली नाही.

कंपनीचं उत्तर आलं, नम्र,
खाली कुणाचंच नाव नसलेलं.
आपण अटी मान्य केल्या होत्या. कलम सत्तावीस.
वाद झाल्यास लवाद.
लवाद आम्ही नेमू,
बसेल तो गुरुग्रामला, बोलेल इंग्रजीत,
अर्धा खर्च आपला.

मान्य केल्या होत्या, खरं आहे.
रात्री साडेअकराला, एका हातात रीळ,
इवल्या चौकोनात एक टिचकी.
आजोबांनी असाच अंगठा उठवला होता
नोटेराच्या मेजावर, पोर्तुगीज कागदाखाली.
पोफळीची बाग कुणाची झाली
ते त्यांना सुपारीच्या काढणीला कळलं.
त्यांच्या बोटावर निदान
शाई तरी राहिली आठवडाभर.

फिलू म्हणाली, सोड गो,
चार हजारांखातीर कित्याक?
मला सांगता आलं नाही.
फेरीत बसले, रायबंदरला उतरले,
पणजीची बस धरली. असं पाच तारखांना.
आयोगापुढे वकील लागत नाही,
हे मला एका वकिलानेच सांगितलं.

कंपनीचा वकील पडद्यावर.
गळ्याला पांढरी पट्टी, मागे खोट्या पुस्तकांचं कपाट.
कलम सत्तावीस, तो म्हणाला,
आणि तिथेच गोठला, तोंड उघडं ठेवून.
शिपायाने प्लग काढून घातला.
अध्यक्षबाई चष्मा पुसत राहिल्या.
मग म्हणाल्या, लवादाचं कलम असेल,
ग्राहकाचं इथलं दार त्याने बंद होत नाही.
इतक्या साध्या आवाजात,
की कुणी पंखा कमी करा म्हणावं.

मध्ये एकदा तडजोड आली : एक वर्ष फुकट.
ज्या घरात मला ओळखत नाहीत
तिथे आणखी वर्षभर पाहुणी?
नको म्हटलं.

निकाल लागला. मूळ रक्कम, नऊ टक्के व्याज,
मनस्तापाचे तीन हजार.
मनस्ताप कुठल्या मापाने मोजतात कोण जाणे.
नक्ष्यांबद्दल एक ओळ नाही.
त्या मी पुन्हा काढतेय,
जुन्या कापडाची उलटी बाजू उजेडात धरून,
टाका टाका मोजत.
वेदीवरचं कबूतर या वेळी
जरा जाडच झालंय.

पैशांसाठी आता एक लिंक आलीय.
खाते क्रमांक टाका. पुन्हा टाका.
आणि तळाशी
तोच इवला चौकोन.

चष्मा लावला.
धक्क्यावर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.
एक फेरी गेली.
दुसरी आली, स्कुटरी उतरल्या, तीही गेली.
तिकडून कुणीतरी हाक मारतंय, येतेस गो?

थांब.
मी कलम नऊवर आहे.