फरक स्पष्ट करा

कणकुंबीच्या शाळेत अकरा वर्षं,
मग बदली ऐनापूरला.
जिल्हा तोच की, साहेब म्हणाले, त्यात काय एवढं.

तिकडं फणसावर ओंबील,
नारिंगी, चिडक्या मुंग्या.
एकीच्या कमरेला दुसरीचे दात,
साखळी करून पानाला पान भिडवतात,
आणि आपलंच बाळ तोंडात धरून
धोट्यासारखं इकडून तिकडं फिरवत
त्याच्या धाग्यानं घर शिवतात.
लुमाण्णा अंगाला राख फासून काजूवर चढायचा,
तरी उतरायचा नाचतच.
त्याच्या आईनं पाट्यावर वाटून दिलेली चटणी
डोळे मिटायला लावणारी, आंबट.
लिंबू लागतच नाही हिला, म्हणाली.

इकडं झाडंच लांब लांब.
ध्वजाच्या खांबापाशी काळ्या मुंग्यांचं बीळ,
तोंडाभोवती फोलपटांचं रिंगण,
मळणी उरकलेल्या खळ्यासारखं.
शाळूचा सांडलेला दाणा
अंगाहून मोठा, आडवा उचलून
दिवसभर एकच वाट.
वळीव येऊन गेला की
ओले दाणे बाहेर, उन्हाला.
निंगव्वा मधल्या सुट्टीत ते मोजते.
मोजते कन्नडमध्ये,
आकडा मला मराठीत सांगते.

दिवाळीनंतर येताना
मी एक घरटं आणलं, बिस्किटाच्या डब्यात.
पोरांना दाखवायला, म्हणून.
झाकण काढलं तशा त्या खांबावर चढल्या,
वर काहीच नव्हतं,
उतरल्या.
कुंपणाची बाभूळ गाठली.
बाभळीच्या पानाला टाका घालायचा तरी कुठं?
दोन दिवस ओढत होत्या.
दाणा समोर ठेवला, ढुंकून पाहिलं नाही.
मेलेली माशी ठेवली, ती लगेच उचलली,
पण न्यायची कुठं ते ठरेना,
फांदीवरून वर, परत खाली.

चाचणीत प्रश्न घातला, पाच गुणांना.
सगळ्यांनी पट्टीनं रकाने आखले:
झाडावर, जमिनीत. किडे, धान्य.
निंगव्वानं रकाना आखला नाही.
लिहिलं, त्यांचं घर हिरवं, यांचं खोल.
आणि खाली, पेन्सिलीनं:
तुमच्या मुंग्या कुठं गेल्या, बाई?

चार गुण दिले. एक का कापला, आठवत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर
खांबापाशी वाकले.
फोलपटांच्या रिंगणात, टाकून दिलेल्या भुशात
एक नारिंगी डोकं.
जबड्यात अजून धरलेलं
बाभळीचं पान,
तिळाएवढं.