वाफा क्रमांक सात

सेंट्रिफ्यूजचं बेअरिंग गेलं माघात.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सोमवारी येतो.
कुठल्या सोमवारी, ते म्हणाला नाही.

मिनिटाला तीन हजार फेरे मारून
पाण्याला धमकावणारं ते यंत्र
ताडपत्रीखाली गप्प पडलं,
आणि ऐरोलीच्या खाडीकडल्या आमच्या प्लांटात
आम्ही जुने वाफे उघडले.
बारा वाफे, त्यातले धड पाच.
वर वाळू, वाळूखाली खडी, खडीखाली गोटे,
तळाला भोकं पाडलेले पाइप,
वीस पावलांत एक वीत उतरणारे.
एवढीच यंत्रसामग्री.
बाकीचं काम पृथ्वी करणार होती, फुकट,
टेंडर न भरता.

गाळ आला तो काळा, मऊ, चकाकता.
शंभरात सत्त्याण्णव भाग पाणीच.
उरलेले तीन भाग म्हणजे
सेक्टर एक ते वीसने
साखळी ओढून विसरलेलं सगळं.
वीतभर जाडीने पसरला. वास आला,
मग वास यायचा थांबला,
म्हणजे नाक थकलं.

मी तिसऱ्याच दिवशी फावडं घेऊन उतरले.
वर पाणी तसंच दिसत होतं, आणि
साहेबांना रोज आकडा हवा होता.
काथोड मढवी बांधावरून ओरडला,
"बाय, ढवलू नको! वालू गच्च झाली का
खालचा रस्ताच बंद.
पानी जाया बगतंय, त्याला जाऊ दे.
आपून निस्ती वाट मोकली ठेवायची."

त्याचा बाप मिठागरावर होता,
आता जिथं काचेची ऑफिसं आहेत त्याच्या अलीकडे.
तिथंही असेच चौकोन, असेच बांध,
असंच पाण्याला जायला सांगून
मागे राहील त्याची वाट बघणं.
"त्येचं पांढरं निघायचं," काथोड म्हणतो,
"माजं कालं निघतं. कमरंला दोनी सारखंच."

मग त्याने मला चेंबरशी नेलं,
झाकण सरकवून म्हणाला, ऐक.
काळोखात पाइपच्या तोंडाशी
टप्.
बराच वेळ काही नाही.
टप्.
मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अकरा.
रात्री पुन्हा मोजलं, तेव्हा नऊ.
या थेंबांना कुणी ढकललं नव्हतं,
ते आपल्याच वजनाने
वाळूच्या दोन कणांमधून वाट काढत
खाली आले होते,
आणि इतके नितळ, की मी बॅटरी धरून
उगाच दोनदा पाहिलं.
(नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. ते पाणी
परत पहिल्या टाकीत जातं,
नापास झालेल्या पोरासारखं.)

नवव्या दिवशी पहिली भेग.
अकराव्या दिवशी भेगांना भेगा भेटल्या,
अख्खा वाफा जळक्या भाकरीसारखा तडकला,
तुकड्यांच्या कडा वर वळल्या.
एका तुकड्यात शर्टाचं बटण,
एकात लहान मुलीची क्लिप, अजून गुलाबी.

आणि सात नंबरात, भेगाभेगांतून,
टोमॅटो.
कुणाच्या तरी कोशिंबिरीतून निघालेलं बी
पोटं, पाइप, पंप, टाक्या सगळं ओलांडून
इथवर जिवंत आलं होतं.
मी रोपं मोजली. एकेचाळीस.
काथोडने मोजली नाहीत.
रंगाच्या रिकाम्या डब्यात एक रोप लावून
पंपघराच्या खिडकीत ठेवलं,
"खायाचा नाय हां," म्हणाला, "निस्ता बगायचा."

चौथ्या सोमवारी कंपनीचा माणूस आला.
नवं बेअरिंग, ग्रीस, दोन चहा,
आणि दुपारी पुन्हा ती किंचाळी सुरू झाली.
साहेब म्हणाले, वाफे खरवडून मोकळे करा.
चार झाले. काथोड फळी घेऊन
सातच्या बांधावर टेकला, विडी शोधत बसला,
खिशात नव्हती, तरी शोधत बसला.

संध्याकाळी रजिस्टर माझ्यासमोर.
वाफा सात, ओलावा: एकसष्ट टक्के.
स्थिती: रिकामा नाही.
त्यापुढे कारणाचा रकाना.
मी पेन उघडलं,
आणि यंत्राच्या आवाजात
तो टप् ऐकू येतो का ते पाहत राहिले.